लॅपटॉप म्हातारा नाही, उपाशी आहे!

असाइनमेंट जमा करायची वेळ रात्री ११.५९. घड्याळात ११.४१. वर्डची फाइल उघडून झालीय, फक्त शेवटचा परिच्छेद टाकायचाय आणि पीडीएफ करून अपलोड करायचीय. तेवढ्यात स्क्रीन धूसर होते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून येतं आणि निळं चक्र फिरायला लागतं. रूममेट म्हणते, "रीस्टार्ट कर ना." तिचं काय जातंय सांगायला! माझा लॅपटॉप तेव्हा चालू व्हायलाच चार मिनिटं घ्यायचा आणि चालू झाल्यावर माऊस हलवण्याच्या परिस्थितीत यायला आणखी तीन.

त्या रात्री असाइनमेंट १२.०६ ला गेली. 'लेट सबमिशन'चे दोन मार्क कापले गेले. दुसऱ्या दिवशी मी घरी फोन करून आपण सगळेच म्हणतो ते वाक्य म्हटलं, "पप्पा, हा लॅपटॉप बेकार झालाय. नवीन घ्यायला लागेल."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "बघू. दिवाळीनंतर बघू."

त्या दोन सेकंदांचा अर्थ मला नंतर कळला. लॅपटॉप २०२१ चा. बारावीचे ऑनलाइन क्लास चालू होते म्हणून हप्त्यांवर घेतलेला. ते हप्ते संपून अजून वर्षही झालं नव्हतं.

नवीन लॅपटॉप काही घेतला नाही. त्याच जुन्या लॅपटॉपवर आज हा लेख टाइप करतेय. मधे काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी माझं म्हणणं सांगून टाकते. आपल्यापैकी बहुतेकांचा 'स्लो' लॅपटॉप म्हातारा झालेला नसतो. विकला तेव्हापासूनच तो अर्धपोटी असतो. आणि ती उपासमार ओळखण्याआधीच आपल्याला नवीन लॅपटॉपच्या ईएमआयचा रस्ता दाखवला जातो.

'१ टीबी'चा मोह

पप्पांनी लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानात साधारण एकाच किमतीचे दोन होते. एकावर लिहिलेलं '२५६ जीबी एसएसडी', दुसऱ्यावर '१ टीबी हार्डडिस्क'. दुकानदार म्हणाला, "काका, हा घ्या. चौपट जागा आहे. पोरीला पाच वर्षं बघायला नको." पप्पांनी चौपटवाला घेतला. कुणीही घेतला असता. आपल्या घरात वस्तू अशीच घेतली जाते, त्याच पैशांत जास्त काय मिळतंय ते बघून.

दुकानदार खोटं काहीच बोलला नव्हता. जागा खरंच चौपट होती. फक्त ती जागा किती संथ आहे, हे स्टिकरवर लिहिलेलं नसतं.

हार्डडिस्कच्या आत खरोखरची तबकडी असते. स्वस्त लॅपटॉपमध्ये ती साधारणपणे मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि तिच्यावर एक बारीकसा दांडा पुढे-मागे सरकत माहिती शोधतो. प्रत्येक तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद. ऐकायला कमी वाटतं, पण विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे वाचले जातात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये. तेच काम तिथे जवळपास शंभराव्या भागाच्या वेळात होतं. म्हणजे माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर ठीकठाक होता. बिचारा दिवसभर त्या तबकडीची वाट बघत बसायचा.

त्यात भर रॅमची. माझ्याकडे होती ४ जीबी. रॅम म्हणजे काय ते मला आमच्या स्वयंपाकघरावरून कळलं. रॅम म्हणजे ओटा, हार्डडिस्क म्हणजे माळा आणि प्रोसेसर म्हणजे आई. ओटा लहान असला की पोळपाट मांडण्यासाठी कुकर माळ्यावर ठेवावा लागतो आणि पुन्हा कुकर लागला की शिडी लावून खाली काढावा लागतो. ब्राउझरच्या आठ टॅब, व्हॉट्सअॅप, वर्ड आणि वर एक ऑनलाइन लेक्चर असं सगळं ४ जीबीच्या ओट्यावर मांडलं की लॅपटॉपचा अख्खा दिवस शिडी चढण्या-उतरण्यात जातो. आणि ती शिडी म्हणजे तीच संथ हार्डडिस्क. आई कितीही सुगरण असू दे, जेवायला उशीर होणारच.

आता गंमत बघा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत विंडोज ११ साठी किमान गरज आजही ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशीच आहे. 'किमान' या शब्दाचा अर्थ आपल्याला कोण सांगणार! ७५ टक्के हजेरी किमान असते. तेवढ्यावर परीक्षेला बसू देतात, पास करत नाहीत. ४ जीबीचंही तसंच आहे. विंडोज चालू होईल. तुमचं काम होईल, असं कुणीच म्हटलेलं नाही.

आधी निदान, मग औषध

लॅपटॉप स्लो झाला की आपण काय करतो? यूट्यूबवर 'दहा भन्नाट ट्रिक्स' बघतो, टेम्प फोल्डर रिकामं करतो आणि एखादा 'पीसी बूस्टर' डाउनलोड करतो. म्हणजे ताप कशाने आलाय ते न बघता मेडिकलमधून तीन रंगांच्या गोळ्या आणतो.

त्यापेक्षा एक साधी गोष्ट करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप नेहमी ज्या कामाला अडतो ते काम चालू ठेवा आणि पाच मिनिटं नुसते आकडे बघा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष बहुधा हार्डडिस्कचा. मेमरी ८५-९० च्या खाली येतच नसेल, तर रॅम कमी पडतेय. दोन्ही आकडे खाली आणि सीपीयू मात्र शंभरला चिकटलेला, तर कुठलं तरी एखादं अॅप त्याला खातंय किंवा प्रोसेसरचाच जीव लहान आहे. लॅपटॉपचं निदान फुकट होतं आणि तरीही आपल्यापैकी कितीतरी जणांनी ही खिडकी कधी उघडलेलीच नसते. मीही नव्हती उघडली.

फुकटचे आणि खरोखर उपयोगाचे उपायही आहेत, पण मोजकेच. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. लॅपटॉप चालू होताच कोणकोणते पाहुणे न बोलावता आत येतात त्याची ती यादी. माझ्याकडे सतरा होते. गेमचे लाँचर, म्युझिक अॅप, प्रिंटरचं काहीतरी, तेही प्रिंटर नसताना. अँटिव्हायरस सोडून बाकीचे बहुतेक बंद केले तरी काही बिघडत नाही. ब्राउझरमधली न वापरलेली एक्स्टेन्शन काढा, क्रोमचा 'मेमरी सेव्हर' चालू करा. दोन अँटिव्हायरस ठेवले असतील, तर एक काढा. दोघं मिळून जास्त राखण करत नाहीत, एकमेकांच्याच पायात येतात. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असेल, तर थोडा रिकामा करा.

आणखी दोन गोष्टी मला फार उशिरा कळल्या. पहिली ही, की विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर रोज रात्री शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत येते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. टास्क मॅनेजरमधला 'अपटाइम' बघा, 'मी तर रोज बंद करते' म्हणणारीच्या लॅपटॉपवर वीस-वीस दिवस दिसतात. दुसरी गोष्ट गादीची. हॉस्टेलवर आपण लॅपटॉप गादीवर ठेवतो, खालची जाळी झाकली जाते, आत उष्णता साठते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला मुद्दाम वेग कमी करतो. तीन-चार वर्षांची धूळ पंख्यात अडकली असेल, तर बघायलाच नको. एक जाडजूड पुस्तक किंवा पाट खाली घेतला तरी फरक पडतो.

बूस्टरवाल्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. नकोच. जी गोष्ट लॅपटॉपमध्ये नाहीच, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार? उलट तेही मागे चालत राहून त्याच ४ जीबीतला घास खातं. नावाजलेलं असलं म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. २०१७ मध्ये सीसीक्लीनरसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं.

आणि हो, क्रॅक. आमच्या कोर्सला एडिटिंग लागतं. महागड्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन कुणाला परवडतं? म्हणून पेनड्राइव्हवरून 'पॅच' मारलेलं सॉफ्टवेअर हातोहात फिरतं. ज्ञान देण्याचा मला हक्क नाही, मीही वापरलंय. पण क्रॅक करणारी फाइल आधी 'अँटिव्हायरस बंद करा' म्हणते, तेव्हा घराचं दार आपण स्वतःच उघडून देतो. मग लॅपटॉप काहीही न करता गरम का होतो, पंखा का भणभणतो, याचं उत्तर कधी कधी त्या फाइलमध्ये असतं.

३,४०० रुपयांचं ऑपरेशन

आता माझ्या लॅपटॉपची गोष्ट. एवढं सगळं करून चार मिनिटांची तीन झाली. डिस्क मात्र शंभरवरच. मग आधी एका चकचकीत दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. "मॅडम, हे मॉडेल जुनं झालं. एक्स्चेंजमध्ये दोन हजार धरतो, नवीन घेऊन टाका. झीरो डाउन पेमेंट आहे." खरं सांगते, मी फॉर्म भरायच्या बेतात होते.

मैत्रिणीने हाताला धरून तापकीर गल्लीतल्या एका छोट्याशा दुकानात नेलं. तिथल्या दादांनी मागचं झाकण काढलं, टॉर्च मारली आणि म्हणाले, "ताई, मशीन चांगलंय. उगाच बदनाम केलंय तुम्ही." आत रॅमची एक जागा चक्क रिकामी होती. हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, रिकाम्या जागेत ४ जीबीची आणखी एक पट्टी, पंख्याची सफाई आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये. संध्याकाळी लॅपटॉप सुरू केला आणि मी बाटलीचं झाकण उघडेपर्यंत डेस्कटॉप समोर हजर. जुनी हार्डडिस्क दादांनी एका केसिंगमध्ये बसवून दिली. आज तीच माझी बॅकअपची डिस्क आहे. चौपट जागेचा असा उपयोग झाला.

ही दोन वर्षांपूर्वीची किंमत आहे, आज तेवढ्यात होईल असं समजू नका. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागतेय, त्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत आणि एसएसडीचेही. म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड आहेच. दोन्ही जमत नसेल, तर माझ्या मते आधी एसएसडी घ्या, रॅम नंतर. ओटा लहान असला तरी माळ्याची शिडी तरी पळायला लागते.

दुकानात जाताना तीन गोष्टी विसरू नका. आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप घ्या. काम समोर बसूनच करून घ्या, कारण त्या डिस्कवर आपले फोटो, चॅट, पासवर्ड सगळं असतं. आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत मागून घ्या. तो तुमचा आहे.

सगळ्याच लॅपटॉपना हे ऑपरेशन लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. काही स्वस्त मॉडेलमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची 'ईएमएमसी' मेमरी थेट बोर्डावर जोडलेली असते, ती बदलता येत नाही. काही स्लिम मॉडेलमध्ये रॅमही तशीच चिकटवलेली असते. जुना सेलेरॉन प्रोसेसर असेल, तर एसएसडी टाकूनही तो व्हिडिओ एडिटिंगला दमणारच. माझ्याही लॅपटॉपवर फोर-के फुटेज हलत नाही. ते मी कॉलेजच्या लॅबमध्ये करते. माझा साधा हिशेब असा आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या लॅपटॉपच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल, तर थांबून पुन्हा विचार करायचा. त्याच्या खाली असेल, तर झाकण उघडायचं.

विंडोज १० चं काय?

बऱ्याच जणांच्या डोक्यात सध्या हाच प्रश्न आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, पण नवीन सुरक्षा अपडेट येत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारी कितीतरी मशिन एका तारखेने 'जुनी' ठरली. घाबरून लगेच खरेदीला धावू नका. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवलं, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये तो पर्याय दिसतो.

त्यानंतरचा रस्ता लिनक्सचा. 'ते हॅकर लोकांचं असतं' हा गैरसमज माझाही होता. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवर चालू होतं, आरामात चालायला ४ जीबी सांगितली जाते आणि दिसायला ते बरंचसं विंडोजसारखंच आहे. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, लॅपटॉपमधलं काही न पुसता. ब्राउझर, लिब्रेऑफिस, लेक्चर, पिक्चर सगळं होतं. तुम्हाला ऑटोकॅड, टॅली किंवा विंडोजवरच चालणारं परीक्षेचं सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र आधी विचार करा. कोर्सला काय लागतं ते बघून ठरवायची ही गोष्ट आहे, फॅशन म्हणून नाही.

पप्पांचा प्रश्न

लॅपटॉप नीट झाल्यावर मी घरी व्हिडिओ कॉल केला. पप्पांना तो चालू होताना दाखवला. त्यांनी किती पैसे लागले ते विचारलं. मी सांगितलं. पुन्हा तीच दोन सेकंदांची शांतता. मग म्हणाले, "मग हे त्या दुकानदाराने तेव्हाच का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण हा प्रश्न एकट्या दुकानदाराला विचारून भागणार नाही, असं मला वाटतं. रॅम वाढवता येते का, डिस्क बदलता येते का, या दोन ओळी खोक्यावर ठळक अक्षरांत का नसाव्यात? फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करायला किती सोपा, याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्याकडेही 'राइट टू रिपेअर'साठी केंद्राने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल काढलं आणि २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाबद्दलच्या समितीने अहवालही दिला. आता ते गुण दुकानातल्या खोक्यावर दिसायला हवेत. फ्रिज घेताना आपण स्टार मोजतोच ना? लॅपटॉप घेतानाही मोजू.

प्रश्न फक्त खिशाचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद ठेवून, नीट गोळा करून रिसायकल झाला. त्या दिवशी मी तो फॉर्म भरला असता, तर एक चालणारं मशीन त्या ढिगात गेलं असतं, फक्त एका पट्टीसाठी आणि एका डिस्कसाठी.

आणि कॉलेजकडेही एक मागणं आहे. इंजिनीअरिंग आणि बीसीएची मुलं प्रत्येक कॅम्पसवर आहेत. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. मग महिन्यातून एका शनिवारी 'लॅपटॉप ओपीडी' का नको? टेबल मांडा, स्क्रूड्रायव्हर आणि ब्लोअर ठेवा, टास्क मॅनेजर उघडून एकेकाचं निदान करा. पार्ट ज्याचा त्याने आणावा. लॅपटॉप हँग होतो म्हणून प्रेझेंटेशनला मागे बसणारी, ग्रुप प्रोजेक्टमध्ये 'माझं तू टाइप करशील का' म्हणणारी मुलं मी पाहिलीयत. हळूहळू त्यांना आपणच कमी पडतोय असं वाटायला लागतं. खरं तर कमी पडत असते ४ जीबीची पट्टी.

तोवर आज रात्री एवढं तरी करा. घरी 'नवीन पाहिजे' असा फोन लावण्याआधी ती तीन बटणं दाबा आणि पाच मिनिटं आकडे बघा. फोन त्यानंतरही लावता येईल. कदाचित लावावाच लागणार नाही.